मागे राहिलेली मनी

रेल्वे वसाहतीत बदलीचा हंगाम आला की क्वार्टरसमोर ट्रक उभे राहू लागतात. पलंग, कपाटे, तुळशीची कुंडी, मुलांच्या सायकली एकामागून एक वर चढतात. शेजारीपाजारी निरोप द्यायला जमतात, बायकांचे डोळे पाणावतात. ट्रक वळणावर दिसेनासा होतो, दाराला कुलूप लागते आणि मग कुणाच्या तरी ध्यानात येते, की ओट्यावर एक मांजर बसलेले आहे. कालपर्यंत ते त्या घरचे होते. आज ते कुणाचेच नाही.

झाशीसारख्या रेल्वेच्या गावाला हे दृश्य नवे नाही. २००३ पर्यंत झाशी विभाग मुंबईहून चालणाऱ्या मध्य रेल्वेत होता. त्यामुळे कितीतरी मराठी कुटुंबे नोकरीच्या निमित्ताने इथे आली, काही परत गेली, काही इथलीच होऊन राहिली.

असेच एक घर डोळ्यांपुढे आणू या. घरात आजी, आई, बाबा आणि सातवीत शिकणारा मुलगा. थोरली ताई ग्वाल्हेरला दिलेली. शेजारचे कुटुंब बदलून गेले आणि त्यांची करड्या पट्ट्यांची मांजरी मागे राहिली. तीन दिवस ती बंद दारासमोर बसून आहे. आत कुणीतरी आहे आणि उशिरा का होईना दार उघडेल, अशा भरवशाने ती मधूनच ओरडते.

"आई, आणू या ना तिला आपल्याकडे," मुलगा म्हणतो.

"माझ्या स्वयंपाकघरात मांजर चालायचं नाही," आजी आतूनच बजावतात.

बाबांची अडचण निराळी. "उद्या आपली बदली झाली तर? मग हिला कोण बघणार?"

तिघांचेही म्हणणे खरे आहे. घरोघरी ते असेच होते आणि बहुधा तिथेच थांबते. या घरात मात्र आई बाबांच्या प्रश्नाला धरून बसतात. बदली झाली तर काय, याचे उत्तर आधी ठरवा, मग मांजर आणा, असे त्यांचे म्हणणे. त्यांनी अगदी नेमके बोट ठेवले आहे.

दत्तक घेतले म्हणजे घेतले

दत्तक हा शब्द झाशीला कुणी समजावून सांगायला नको. इथल्या महाराष्ट्र गणेश मंदिरात १८४२ मध्ये मनकर्णिका तांबे आणि गंगाधरराव नेवाळकर यांचे लग्न लागले आणि ती लक्ष्मीबाई झाली. नोव्हेंबर १८५३ मध्ये आजारी गंगाधररावांनी आनंदराव या पाच वर्षांच्या मुलाला दत्तक घेतले, त्याचे नाव दामोदरराव ठेवले आणि दुसऱ्याच दिवशी ते वारले. कंपनी सरकारने ते दत्तक मानले नाही आणि १८५४ मध्ये झाशी खालसा केली. पुढचे सर्वांना ठाऊक आहे.

एका मांजरापुढे इतिहासाचा एवढा दाखला द्यायची गरज नाही, असे कुणी म्हणेल. पण या घरातल्या आजी तोच दाखला देतात आणि तोही विरोध करताना. "दत्तक घेतलं म्हणजे घेतलं. चार दिवस लाड करून परत रस्त्यावर सोडायची असेल तर तिला हातही लावू नका."

आपल्याकडे नकोसे झालेले मांजर पोत्यात घालून नदीपलीकडे किंवा बाजारात सोडून यायची रीत जुनी आहे. पोते उघडणाऱ्याला वाटते, मांजराची जात, कुठेही पोट भरेल. प्रत्यक्षात घरात वाढलेल्या मांजराला परका मुलूख, तिथली हद्द राखून असलेली मांजरे, कुत्री आणि वाहने यांच्याशी एकदम गाठ पडते. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या ११व्या कलमाप्रमाणे, भूक-तहानेने हाल होतील अशा स्थितीत प्राण्याला विनाकारण टाकून देणे हा गुन्हाच आहे. पहिल्या वेळचा दंड कायद्यात दहा ते पन्नास रुपये एवढाच लिहिलेला आहे. म्हणूनच यात खरा धाक कायद्याचा नाही, आपल्या मनाचाच हवा. मांजर बारा-पंधरा वर्षे जगते. आज सातवीत असलेला मुलगा नोकरीला लागेल तोवर ते घरात असू शकते. एवढा हिशेब करून हो म्हणायचे असेल तरच म्हणावे.

या घराने हो म्हटले. बाबांनी बदलीच्या प्रश्नाला उत्तर दिले, "जिथे आपण, तिथे ती."

आधी खोली, मग घर

मांजर आणण्याआधी करायची तयारी थोडीच असते, पण ती आधीच झालेली हवी.

पहिली गोष्ट म्हणजे एक खोली. सारे घर मांजराला एकदम दाखवण्याची घाई करू नये. माणसाला मोठे घर मिळाल्याचा आनंद होतो. मांजराला मात्र प्रत्येक अनोळखी कोपऱ्यात धोका दिसतो. वर्दळ नसलेली लहान खोली निवडावी. खिडक्यांना जाळी नसेल तर त्या बंद ठेवाव्यात. कूलर बसवलेल्या खिडकीत बाजूला फट राहते, ती पुठ्ठ्याने बुजवावी. त्या फटीतून मांजर सहज निसटते.

दुसरी गोष्ट म्हणजे लपायची जागा. त्यासाठी विकत काही आणायला नको. किराणा दुकानातले पुठ्ठ्याचे खोके आडवे ठेवून आत जुनी चादर घातली की झाले. नेदरलँड्समधल्या एका प्राणी-आश्रयगृहात २०१४ मध्ये याचीच परीक्षा झाली. नव्याने आलेल्या १९ मांजरांपैकी काहींना लपायला खोके दिले, काहींना दिले नाही. खोके मिळालेली मांजरे तिसऱ्या-चौथ्या दिवशीच बरीच निवांत झालेली आढळली. म्हणजे लपू दिलेले मांजर लवकर बाहेर येते. हे ऐकायला उलटे वाटले तरी लक्षात ठेवण्यासारखे आहे.

तिसरी गोष्ट म्हणजे शौचाची सोय. प्लास्टिकच्या पसरट टबमध्ये दोन बोटे स्वच्छ वाळू घालावी. मांजराला पुरून टाकण्याची सवय उपजतच असते, शिकवावे लागत नाही. टब मात्र खाण्या-पिण्याच्या भांड्यांपासून लांब, खोलीच्या दुसऱ्या टोकाला हवा. पाण्याची वाटीही खाण्याच्या ताटलीला चिकटून नको; थोडी दूर ठेवली तर बरीच मांजरे जास्त पाणी पितात. बुंदेलखंडाच्या उन्हाळ्यात त्याला फार महत्त्व आहे.

आणताना मांजराला कडेवर घेऊन रस्त्याने चालू नये. एखाद्या स्कूटरचा हॉर्न वाजला की ते अंगावर ओरखडे काढून पळेल. झाकणाची वेताची टोपली किंवा हवेसाठी भोके पाडलेले घट्ट खोके घ्यावे, वरून चादर टाकावी. जुन्या घरातले एखादे पोते किंवा फडके मिळाले तर तेही आत ठेवावे. मांजर डोळ्यांपेक्षा वासाने घर ओळखते.

पहिले तीन दिवस

टोपलीचे झाकण उघडते. घरचे सारे कौतुकाने वाकून बघतात. आणि मनी जी उडी मारते ती थेट पलंगाखाली, भिंतीच्या कोपऱ्यात. दिवस जातो, रात्र जाते. कोपऱ्यात दोन डोळे तेवढे चमकतात.

मुलगा हिरमुसतो. शेजारच्या काकू मांजर बघायला येतात आणि निराश होऊन जातात. दूधवाला सल्ला देतो, "माताजी, दूध पिला दो, रुक जाएगी." बाबा पलंगाखाली हात घालतात आणि मनगटावर तीन लाल रेघा घेऊन बाहेर येतात. दुसऱ्या रात्री घरात बोलणे सुरू होते, की हिला इथे नकोच आहे, उगाच कोंडून ठेवली, सोडून दिलेलीच बरी.

बेघर मांजर घरी आणणाऱ्या पुष्कळ कुटुंबांचा धीर याच रात्री सुटतो. तिने तीन दिवसांपूर्वी सारे घर गमावले आहे, हे कुणाच्या लक्षात येत नाही. तिच्या लेखी ही माणसे तिला पकडून आणणारी आहेत. ती रागावलेली नाही आणि कृतघ्न तर मुळीच नाही. ती घाबरलेली आहे.

अशा वेळी करायचे ते एवढेच, की काही करायचे नाही. ठरल्या वेळी खाणे ठेवावे, पाणी बदलावे, वाळू साफ करावी आणि बाहेर यावे. ओढून काढू नये, काठीने ढोसू नये, मुलांच्या मित्रमंडळींना दाखवायला बोलावू नये. खाणे रात्रीतून संपलेले दिसले, वाळू उकरलेली दिसली, तर समजावे की सारे ठीक आहे. मात्र पूर्ण दिवसभर ताटली तशीच राहिली तर पशुवैद्यांना विचारावे. दोन-तीन दिवसांचा उपास मांजराच्या यकृताला झेपत नाही, विशेषतः ते अंगाने भरलेले असेल तर.

या घरात मांजराला वश करण्याचे कसब निघाले ते आजींकडे आणि तेही त्यांना न कळता. दुपारी त्या खोलीत गार असते म्हणून आजी तिथे चटईवर बसून वाती वळतात. मांजराकडे त्या बघत नाहीत, बोलावत नाहीत. पुटपुटत स्तोत्र चालू असते, हात चालू असतात. तिसऱ्या दुपारी पलंगाखालून एक नाक बाहेर येते. मग मिशा, मग डोके. मनी चटईच्या कडेला येऊन आजींच्या लुगड्याचा काठ हुंगते आणि बाजूला अंग मुडपून बसते.

आजी तरीही मान वळवत नाहीत. हाताखालचा कापूस तेवढा उचलून डब्यात ठेवतात. ते फार बरे करतात. दोरा, कापसाचा पीळ, पतंगाचा मांजा मांजराने गिळला तर आतड्यात अडकतो आणि शस्त्रक्रियेपर्यंत पाळी येते.

ज्याला मांजराची ओढ असते त्याच्याकडे मांजर जात नाही आणि जो बघत नाही त्याच्या मांडीवर जाऊन बसते, हा घरोघरचा अनुभव. रोखून बघणे ही मांजरांच्या भाषेत धमकी असते. उलट डोळे हळूच अर्धवट मिटणे हा विश्वासाचा संकेत. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवून दिले, की माणसाने मांजराकडे पाहून संथपणे डोळे मिचकावले तर मांजरही तसेच उत्तर देते आणि अनोळखी माणसाजवळही अधिक सहज येते. "मांजर डोळे मिटून दूध पिते" ही म्हण आपण लबाडीसाठी वापरतो. मांजर आपल्याकडे बघून डोळे मिटते तेव्हा मात्र त्याचा अर्थ वेगळा असतो, हे मुलांना जरूर सांगावे.

दूध-पोळी पुरत नाही

आता खाण्याचा प्रश्न. शाकाहारी घरात तो सर्वांत अवघड असतो.

मांजर म्हटले की आपल्यापुढे दुधाची बशी येते. पण मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना दूध पचत नाही. दुधातली साखर पचवणारा पाचकरस लहानपणानंतर कमी होत जातो आणि जुलाब होतात. गोड चव तर मांजराला कळतच नाही. गोडी ओळखणारे जनुकच त्याच्यात निकामी असल्याचे २००५ मध्ये सिद्ध झाले. पेढ्याकडे ते वळते ते साखरेसाठी नव्हे, त्यातल्या तुपासाठी.

मांजर हा पूर्णपणे मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन नावाचा एक घटक त्याच्या शरीरात पुरेसा तयार होत नाही, तो मांसातूनच मिळावा लागतो. तो कमी पडला तर दृष्टी जाते. हृदय निकामी होण्यामागेही हेच कारण असल्याचे १९८७ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवले आणि त्यानंतर तयार खाद्यात टॉरिन वाढवण्यात आले. दूध-पोळीवर ठेवलेले मांजर पूर्वी जगायचे, कारण ते उरलेला आहार उंदरांतून मिळवायचे. जाळीबंद घरात उंदीर कुठले?

मग सोवळे पाळणाऱ्या घराने काय करावे? कोरडे तयार मांजर-खाद्य हा त्यातला सुटसुटीत मार्ग. शिजवायला नको, भांडी खराब व्हायला नकोत. ताटली, डबा आणि जागा वेगळी ठेवली की स्वयंपाकघराचा प्रश्न उरत नाही. मांसाहारी घरात उकडलेली बिनमिठाची कोंबडी, काटे काढलेले मासे चालतात. पण केवळ तेवढ्यावर न राहता त्याच्या जोडीला तयार खाद्य द्यावे. कांदा-लसूण घातलेला रस्सा देऊ नये, त्याने मांजराचे रक्त बिघडते.

आजींनी या बाबतीत स्वतःच निकाल दिला. मागच्या व्हरांड्यात मनीची ताटली राहील, स्वयंपाकघराचा उंबरा तिने ओलांडायचा नाही. "तिचा धर्म तिला, माझा मला," असे त्या म्हणाल्या आणि वाद संपला. कुठलाही प्राणी पाळण्याआधी हा निकाल प्रत्येक घराने आपापल्या रीतीने लावून घ्यायला हवा. ज्या घराला मांजराच्या ताटलीत मांस नकोच असेल त्याने मांजर पाळू नये. त्यात काही कमीपणा नाही.

डॉक्टर, लस आणि शस्त्रक्रिया

आठवडाभरात मांजर जरा सावरले की पशुवैद्यांकडे न्यावे. खासगी दवाखाना परवडत नसेल तर सरकारी पशुचिकित्सालय आहे. जंताचे औषध, पिसवांचा बंदोबस्त आणि लसी हा पहिल्या भेटीचा कार्यक्रम. मांजरांच्या तीन मुख्य रोगांवर एकत्र लस मिळते. पिलांना ती साधारण आठव्या आठवड्यापासून सुरू करतात. मोठ्या मांजराला तीन-चार आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा देतात. रेबीजची लस तीन महिन्यांच्या वयानंतर. पुढच्या तारखा डॉक्टरांकडून कार्डावर लिहून घ्याव्यात.

इथे बाबांच्या मनगटावरच्या त्या तीन रेघांची आठवण करून द्यायला हवी. रेबीज कुत्र्यामुळेच होतो असे पुष्कळांना वाटते. लस न दिलेल्या मांजराच्या चाव्यातून किंवा ओरखड्यातूनही तो होऊ शकतो आणि एकदा लक्षणे दिसू लागली की त्यावर उपाय नाही. जखम लगेच साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. हळद, चुना, तिखट असले काही लावू नये. बाबा "एवढ्याशा रेघेला कुठे इंजेक्शन" म्हणत होते. आईंनी त्यांना स्कूटरवर बसवून नेले.

दुसरी तितकीच महत्त्वाची गोष्ट नसबंदीची. मांजरी चार-सहा महिन्यांची झाली की माजावर येऊ शकते. नऊ आठवड्यांत विते आणि पिले अंगावर पीत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते. एका मांजरीला आसरा देऊन वर्षभरात दहा पिले पोत्यात घालायची वेळ आणायची, याला दया म्हणत नाहीत. "एकदा तरी विऊ द्यावी" या समजुतीला काही आधार नाही. शस्त्रक्रिया झालेली मांजरी घर सोडून भटकत नाही, रात्री गळा काढत नाही आणि तिला स्तनाच्या कर्करोगाचा धोकाही कमी राहतो.

घरातली औषधे मात्र स्वतःच्या मनाने देऊ नयेत. ताप उतरवायला आपण सहज घेतो ती पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. फिनेलने पुसलेल्या ओल्या फरशीवरून चालून मांजर पाय चाटते आणि विष पोटात जाते. कपाटातल्या डांबराच्या गोळ्या, उंदराचे औषध हेही तसेच.

ताईचे बाळंतपण

दोन महिने बरे जातात. मनी आता नावाला ओ देते, मुलाच्या दप्तरावर झोपते. आणि ग्वाल्हेरहून पत्र नव्हे, फोन येतो. ताईला दिवस गेले आहेत, बाळंतपणाला ती माहेरी येणार. घरात आनंद होतो आणि संध्याकाळपर्यंत चार शेजारणी सांगून जातात, "आता मांजर काढा घरातून."

हा सल्ला अगदी निराधार नाही, पण पूर्ण खराही नाही. मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा नावाचा सूक्ष्म परजीवी पसरू शकतो आणि गरोदरपणात त्याची पहिल्यांदाच लागण झाली तर गर्भाला इजा होऊ शकते. मात्र मांजर हे जंतू बहुधा आयुष्यात एकदाच, पहिल्या लागणीनंतर एक ते तीन आठवडे टाकते. विष्ठेतल्या जंतूंना लागण करण्याजोगे व्हायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून वाळू रोजच्या रोज साफ केली की धोका फार कमी होतो. ते काम गरोदर बाईने करायचे नाही, दुसऱ्याने करायचे. मांजराला कच्चे मांस द्यायचे नाही, शिकारीला बाहेर सोडायचे नाही. न धुतलेली भाजी, अर्धेकच्चे मांस आणि बागेतली माती यांतूनही हीच लागण होते, हे शेजारणींना माहीत नसते. शंका असेल तर डॉक्टरांना विचारून रक्ततपासणी करता येते.

बाळ आल्यावर पाळण्याजवळ मांजराला एकटे सोडू नये, एवढी काळजी पुरे. दमा किंवा ॲलर्जी असलेल्या माणसाच्या बाबतीत मात्र डॉक्टरांचे म्हणणे ऐकावे. त्रास केसांचा नसतो, मांजराच्या लाळेतल्या प्रथिनाचा असतो आणि ते अंग चाटताना केसांवर पसरते.

यावर आजींनी शेजारणींना दिलेले उत्तर जुनेच, पण चपखल होते. बाळाच्या सहाव्या दिवशी जिची पूजा मांडतात त्या षष्ठीदेवीचे वाहन मांजर. "देवीला चालतं, तर तुम्हाला का नको?" टबमधली वाळू काढण्याचे काम बाबांकडे गेले आणि ताई ठरल्याप्रमाणे माहेरी आली.

उंबऱ्याबाहेर

नवे मांजर निदान तीन-चार आठवडे घराबाहेर सोडू नये. आधी सोडले तर ते जुन्या दाराशी जाऊन बसते. मनीचे जुने दार तर शेजारीच होते. पुढेही शक्यतो घरातच ठेवावे. खिडकीला जाळी, एखादी उंच फळी आणि खेळायला कागदाचा बोळा एवढ्यावर मांजर समाधानी राहते.

झाशीत मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. दुपारी पाण्याच्या दोन-तीन वाट्या सावलीत ठेवाव्यात. मांजर कुत्र्यासारखे तोंड उघडून धापा टाकू लागले तर ते ऊन लागल्याचे लक्षण समजून ओल्या फडक्याने अंग पुसावे आणि लगेच डॉक्टरांकडे न्यावे. थंडीत उलट प्रकार. वसाहतीतली भटकी मांजरे उबेसाठी मोटारीच्या बॉनेटखाली शिरतात. सकाळी गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर दोन थापा माराव्यात. आपले नसलेले एक मांजर त्याने वाचते.

आणि मग बदली

दीड वर्षाने बाबांच्या हाती तो कागद येतो. बदली भुसावळला.

पुन्हा बांधाबांध, पुन्हा ट्रक. घरातले वातावरण बदललेले मनीला सर्वांच्या आधी कळते. ती खोक्यांवर चढून बसते, रात्री घरभर फिरते. कुणीतरी सुचवतेच, "राहू द्या ना इथेच. येणारे लोक बघतील. मांजर घराचं असतं, माणसांचं नसतं."

हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकलेले असते, की ते खरे वाटू लागते. मांजराला जागेची सवय असते हे कबूल. पण तीन दिवस बंद दारासमोर बसलेली मनी ज्यांनी पाहिली, त्यांना ती भिंतींची वाट बघत नव्हती हे ठाऊक असते.

बदलीच्या दिवशी मांजराला सकाळपासून एका रिकाम्या खोलीत, दार लावून ठेवावे. हमालांच्या धांदलीत ते बिथरून पळते आणि मग वेळेवर सापडत नाही. टोपली पंधरा दिवस आधीपासून उघडी ठेवून तिच्यातच खाऊ घालावे, म्हणजे ती ओळखीची होते. रेल्वेने न्यायचे असेल तर पार्सल कार्यालयात आधी चौकशी करून रीतसर नोंद करावी, लसीचे कार्ड आणि पशुवैद्यांचा दाखला जवळ ठेवावा. प्रवासाआधी काही तास खाणे देऊ नये, पाणी मात्र द्यावे. नव्या गावी पोहोचल्यावर सारे पुन्हा पहिल्यापासून. एक खोली, एक खोके, वाळूचा टब आणि तेच जुने, न धुतलेले फडके.

ट्रक निघतो. शेजारी निरोप द्यायला उभे असतात. आजी रिक्षात बसतात आणि मांडीवरची झाकणाची टोपली दोन्ही हातांनी सावरतात. आतून एक नाराज आवाज येतो.

"आहे गं, इथेच आहे मी," त्या झाकणाशी वाकून म्हणतात.

दाराला कुलूप लागते. ओट्यावर कुणीही बसलेले नसते.